पानवेलीतले बूट

घरातली माणसं एकाएकी गोड बोलू लागली, तर तुम्ही काय करता? खूश होता, की उठून आधी कोनाडे तपासता?

मी कोनाडे तपासते. हा माझा स्वभाव आहे असं माझी तुळिंजची आत्या म्हणते. मी म्हणते, हे माझं शिक्षण आहे, आणि ते मला ट्रेनिंग कॉलेजच्या आधी घरातच मिळालं.

परवा शिमग्याच्या सुटीत गासला, आमच्या घरी गेले. बांधावरून वाडीत शिरताना पाऊल अडखळलं. कुंपण तेच, केळी त्याच, वाऱ्याबरोबर येणारा कागड्याच्या फुलांचा वास तोच. मग काय कमी होतं? विहिरीपाशी आल्यावर कळलं. रहाट नव्हता. त्याच्या जागी हिरव्या रंगाचं इंजिन बसवलं होतं आणि ते आपल्याच नादात फटफटत होतं. जवळच्या केळीच्या पानांवर काजळीचा पातळ थर बसला होता. रहाटाची मडकी माडाच्या बुंध्याशी उपडी घालून ठेवली होती आणि त्यांतल्या एकावर कोंबडी बसली होती.

रहाटाच्या कण्याला आमचे नाना मुद्दाम तेल घालत नसत. वडील म्हणून मी त्यांना पहिल्यांदा ओळखू लागले ती या गोष्टीवरून. शेजारचे हसायचे, कुरकुर ऐकून कान किटले म्हणायचे. नाना ओटीवर बसून सुपारी कातरत आणि कान विहिरीकडे ठेवत. जोवर कुरकुर चालू आहे तोवर बैल फिरतो आहे, मडकी भरून येताहेत, पाट वाहतो आहे. कुरकुर थांबली की ओटीवरून हाक जायची, "काय झालं रे तिकडे?" त्यामुळे आमच्या घरात आवाजाला कुणी भीत नसे. संशय यायचा तो शांततेचा.

पानवेलीत मात्र शांतताच लागे. विड्याच्या पानांचे वेल पांगाऱ्याच्या झाडांवर चढवलेले असत, वर सावली इतकी दाट की भर उन्हात आत शिरलं तरी अंगावर काटा यावा. ओल्या मातीचा, कुजलेल्या पेंडीचा आणि हिरव्या पानांचा तिखट वास. तिथे आंघोळ करून, अनवाणी जायचं. वहाणा कुंपणाबाहेर. मोठ्यानं बोलायचं नाही. नाना अंगठ्याला लोखंडी नखी अडकवून पानं खुडत, तेव्हा बारीक टिच् टिच् आवाज येई, जणू वेलच आपल्याशी बोलतो आहे. एकदा मोजणीचे साहेब आले होते, तेही बुटांसकट आत निघाले. नानांनी हात आडवा धरला. "साहेब, इथं आमची देवीसुद्धा अनवाणी येते." साहेबांनी बूट काढले. ही गोष्ट नाना इतक्यांदा सांगत की साहेबांच्या मोज्याला भोक होतं हेही आम्हाला पाठ झालं होतं.

याच पानांच्या करंड्यांतून आमच्या घरी पत्रकं आली. बेचाळीसच्या सुमारास मी नुकती वाचायला लागले होते. पानं भरून करंड्या मुंबईला जात आणि रिकाम्या परत येत. त्या तेवढ्या रिकाम्या नसत. तळाला ओल्या केळपानाखाली पत्रकांची चवड असे. शाई आणि विड्याचं पान यांचा मिळून एक वास होतो. तो मला अजून कधी कधी स्वप्नात येतो. आई चुलीपाशी वांगी चिरत बसे आणि मी तिला पत्रक वाचून दाखवी. शाळेच्या पुस्तकात कमळ होतं, बदक होतं. पत्रकात जुलूम होता, हक्क होता, जाब होता. माझ्या बरोबरीच्या मुली ज शिकल्या तो जहाजाचा. मी शिकले तो जाबाचा.

एकदा फौजदार आला. ओटीवर बसायला दुसरं काही नव्हतं म्हणून नेमका पत्रकांच्या करंडीवर बसला. आईनं त्याला पाणी दिलं, विडा लावून दिला आणि म्हणाली, "बसा हो आरामात, करंडी मजबूत आहे." तो गेल्यावर नाना भिंतीला टेकून कितीतरी वेळ हसत होते.

आमच्या घरात गावच्या बोलीतच बोलणं चाले. इथे ते सगळ्यांना कळावं म्हणून मी थोडं सरळ करून लिहिते आहे.

तर अशी मी. ट्रेनिंगच्या दुसऱ्या वर्षाला आले तेव्हा स्वराज्य आलं होतं, पत्रकं थांबली होती आणि नाना नुसतेच वाडीवाले झाले होते. मी मास्तरीण होणार हे त्यांनीच ठरवलं होतं. गावात कुणी विचारलं तर छाती पुढे काढून सांगत, "आमची मोठी शिकवायला शिकते आहे."

ते वर्ष धावण्यात गेलं. काही दिवस वसई गावात कॉलेज, काही दिवस गोखिवऱ्याच्या प्राथमिक शाळेत सराव पाठ. कॉलेजचा दिवस असला की पहाटे भाजीच्या गाडीवर, वांग्यांच्या पाटीला टेकून बसायचं आणि पुढे टांगा मिळाला तर टांगा. सराव पाठाचा दिवस असला की पायीच. गासहून सोपारा, रुळांचं फाटक ओलांडून तुळिंज, तिथून आचोळ्यावरून गोखिवरे. खांद्याला तक्त्यांची गुंडाळी, पिशवीत खडू, पाठाच्या टाचणाची वही आणि आईनं बांधून दिलेली तांदळाची भाकरी. कापलेल्या भाताच्या खुंटांमधून बगळे हिंडत असायचे. वाटेत मी पाठ म्हणत जायची. प्रस्तावना, मग हेतुकथन, मग विवेचन, शेवटी उपयोजन. या पायऱ्या चुकल्या की गुण गेले. हेतुकथन विशेष महत्त्वाचं. आज आपण काय शिकणार आणि कशासाठी, हे वर्गाला आधी स्पष्ट सांगायचं. आमच्या बाई म्हणायच्या, "हेतू न सांगता सुरू केलेला पाठ म्हणजे न विचारता घरात शिरणं."

तुळिंजला आत्याचं घर लागे. तिच्याकडे पाय धुवायचे, चहा प्यायचा आणि तिच्या टोमण्यांसकट पुढे निघायचं. "आली का सरकारची सून!" हा तिचा स्वागताचा मंत्र. घरी परतल्यावर शालूची वेणी, शालूचा अभ्यास, आईबरोबर भांडी. शालू माझी धाकटी बहीण. तेव्हा ती एवढीशी होती आणि माझे रंगीत खडू चोरून ओटीवर मोर काढायची.

शेवटच्या पाठाची तारीख लागली आणि घरात गोडवा सुरू झाला.

पहिल्यांदा आईनं माझ्या हातातून घागर काढून घेतली. "राहू दे, घट्टे पडतील." इतकी वर्षं घट्टे पडत नव्हते? मग आत्या दोनचार दिवस राहायला आली आणि रोज सकाळी माझ्या तोंडाला साय-हळद चोळू लागली. "उन्हानं रापलीस गं. मास्तरीण झालीस म्हणून काय तोंड कोळशाचं हवं?" मग नवं पातळ आलं, मोरपिशी रंगाचं. सण नाही, लग्न नाही. "पाठाला नेस," आई म्हणाली आणि लगेच चुलीत फुंकर घालू लागली. चूल चांगली पेटलेली होती.

त्या दिवसांत वाडीत सुकेळी वाळत होती. राजेळी केळी सोलून मांडवावर उन्हात घातली की पहिल्या दिवशी वास येतो फळाचा, नंतर गुळाचा, शेवटी मधाचा. लहानपणापासून त्या मांडवाखाली आम्ही घुटमळत असू आणि वरून ओघळलेला पाक बोटानं चाटत असू. त्या वर्षी आईनं सगळ्यांत सरस सुकेळी वेगळी काढली, केळीच्या वाळल्या पानात नीट बांधली आणि फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवली. शालूनं एक ओढलं तर तिला चापट बसली. आमच्या घरात खाण्यावरून कधी कुणाला चापट बसली नव्हती.

"कुणाला द्यायची आहेत?" मी विचारलं.

"असतात माणसं," आई म्हणाली.

आणि नाना? नाना माझ्याकडे बघेनासे झाले होते. बघितलंच तर प्रश्न विचारण्यापुरतं. शेवटचा पाठ कुठे? गोखिवऱ्यालाच ना? सकाळी की दुपारी? वर्ग कुठल्या अंगाला? मागे बसायला जागा असते का? दोन वर्षांत त्यांनी माझ्या पाठांबद्दल एक प्रश्न केला नव्हता. मी उत्तरं दिली आणि प्रत्येक प्रश्न मनात टिपून ठेवला.

मग आले ते बूट.

मी विहिरीच्या कठड्याशी टाचण लिहीत बसले होते. नाना दोन परक्या गृहस्थांना वाडी दाखवत होते. एक साधासा, वयस्क, मध्यस्थ वाटावा असा, धोतर-टोपीतला. दुसरा थोराड, जाड मिशांचा, पायांत चकचकीत काळे बूट. त्यांनी विहीर वाकून पाहिली. माडांकडे मान वर करून पाहिलं. मग ते पानवेलीकडे वळले. धोतरवाल्यानं वहाणा काढल्या. मिशीवाला तसाच बुटांसकट आत शिरला.

मी नानांकडे पाहिलं. आता हात आडवा होईल, आता देवीचं नाव निघेल. नाना खाली मातीकडे बघत होते.  रहाट चालू होता, पण मला वाटलं, कुठेतरी कुरकुर थांबली.

दुसऱ्या दिवशी हे सगळं मी आग्नेसला सांगितलं. आग्नेस पाचूबंदरची, दर्यावर जाणाऱ्या घरातली. कॉलेजात माझ्या शेजारी बसायची. तिच्या पातळाला सुक्या बोंबलांचा वास येतो म्हणून काही मुली नाक मुरडत. ती त्यांच्याच डब्यात हात घालून खायची.

"वाडी विकताहेत," मी म्हटलं. "नक्की. माझ्यापासून लपवताहेत, पाठ बिघडेल म्हणून."

"मंग साय-हलद वाडीला लावायची ना," आग्नेस म्हणाली. "तुला कशाला लावतान?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय नाय. तुला गो सगल्यांचाच संशय. उद्या पावात पन कोन लपलाय म्हनशील." आणि ती हसत सुटली. पण हसता हसता तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, हिलाही काही माहीत आहे. तिला काही माहीत नव्हतं. तिला फक्त माझ्याआधी कळलं होतं.

त्या संध्याकाळी मी नानांना सरळ विचारलं, "वाडी विकताय का?"

नाना दचकले, मग मोठ्यानं हसले. "वेडी का काय! वाडी कोण विकतो? वाडी विकली तर मी मरेन गं." ते खरं बोलत होते. त्या हसण्यात त्यांची सुटका झाली होती. मी चुकीचा प्रश्न विचारला होता, याचा तो आनंद होता.

शेवटच्या पाठाचा विषय होता खारे वारे आणि मतलई वारे. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे वाहतात ते खारे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहतात ते मतलई. चौथीचा वर्ग. मी एक खोका केला होता, समोरून काच लावलेला. आत एका ताटलीत तापवलेली वाळू, दुसऱ्यात थंड पाणी, मध्ये उदबत्ती. धूर पाण्याकडून वाळूकडे सरकतो आणि मुलांना वारा डोळ्यांनी दिसतो. हा खोका सांभाळत मी गोखिवऱ्याला पोचले तेव्हा मोरपिशी पातळाला घाम आला होता.

वर्गात शेणानं सारवलेल्या जमिनीचा, दौतींचा आणि मुलांच्या डोक्यांवरच्या तेलाचा वास भरला होता. मागे दरवेळी दोन खुर्च्या असत, परीक्षकांची आणि हेडमास्तरांची. त्या दिवशी जास्त होत्या. परीक्षक बसले होते, तपकिरीची डबी मांडीवर ठेवून. त्यांच्या शेजारी हेडमास्तर. त्यांच्या पलीकडे आत्या, नथ घालून. तिच्या पलीकडे एक तरुण, टोपी हातात धरून. आणि शेवटी जाड मिशा. मी खाली पाहिलं. तेच बूट.

पुढे कळलं की हेडमास्तरांना वाटलं होतं, ही मंडळी परीक्षकांबरोबर आली आहेत. परीक्षकांना वाटलं होतं, शाळेच्या कमिटीची माणसं आहेत. एकमेकांचा मान राखण्यापायी दोघांनीही विचारलं नाही. खुर्च्या दिल्या, पाणीही दिलं.

खिडकीतून चिंच दिसत होती. चिंचेखाली नाना उभे होते, शाळेकडे पाठ करून.

तेव्हा सगळं जागेवर बसलं. साय-हळद, सुकेळी, मागे बसायला जागा असते का. ही मंडळी मला बघायला आली होती. घरी पाटावर बसवली असती तर मी तोंड सोडलं असतं. म्हणून त्यांनी मला अशा जागी गाठलं होतं जिथे मी हसतमुख असणार, गोड आवाजात बोलणार, शिकवल्याप्रमाणे हात हलवणार आणि काही म्हणू शकणार नाही. कारण मागे परीक्षक होते आणि माझी दोन वर्षं त्यांच्या पेन्सिलीच्या टोकावर होती.

मी पाठ सुरू केला. प्रस्तावना झाली. हेतुकथन झालं. उदबत्ती पेटवली. धूर सरळ वर गेला, मग हळूच वाळूकडे वाकला. मुलं "आऽऽ" करून पुढे सरकली. मागून मिशांचा आवाज आला, दबका, पण दबका राहण्याची सवय नसलेला. "उंचीला बरी आहे."

आत्या म्हणाली, "आणि कामाला वाघ."

"आवाज जरा खडा आहे."

"तो वर्गात. घरी नाही."

शेवटच्या रांगेतली एक मुलगी मागे वळून ऐकत होती. तिनं बोट वर केलं. "बाई, ते पाव्हने तुमच्या उंचीचा काय तरी बोलतान."

वर्ग हसला.  हातातला खडू मी खाली ठेवला, कारण तो मोडला असता. परीक्षकांनी पेन्सिल उचलली होती. मला दोन गोष्टी एकदम कळल्या. गप्प राहिले तर पाठ उत्तम होईल. आणि गप्प राहिले तर पुढचं सगळं आयुष्य याच पाठासारखं होईल, मी समोर बोलते आहे आणि मागे कुणीतरी मला मोजतं आहे.

मी मुलांच्या मधून चालत मागे गेले. त्या तरुणासमोर उभी राहिले. "वर्गात बसलेल्या कुणालाही मी प्रश्न विचारू शकते. तुम्ही सांगा, दुपारी वारा कुठून कुठे वाहतो?"

तो उभा राहिला. शाळेतल्या मुलासारखा, सवयीनं. "मला... मला नाही सांगता येणार."

"बरं. दुसरा प्रश्न. आज आपण काय शिकणार ते मी वर्गाला आधीच सांगितलं. तुम्ही इथे कशासाठी आलात तेही वर्गाला सांगा."

आत्या फुसफुसली, "अगं, बघायला आलोत, बघायला!"

"काय बघायला?" त्याच मुलीनं विचारलं.

"शाळा," मिशा म्हणाल्या.

"मंग बाईंकडं कशाला बघता?"

या वेळी वर्ग हसला नाही. तो तरुण माझ्याकडे पाहत होता. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. "तुम्हाला सांगितलं नव्हतं?" तो अगदी हळू म्हणाला. "मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे."

"नाही."

"मग आमचं चुकलं." त्यानं टोपी डोक्यावर ठेवली आणि तो बाहेर निघाला. "बस रे," मिशा म्हणाल्या, बापाच्या आवाजात. तो बसला नाही. थोड्या वेळानं बूटही वाजत गेले, मागोमाग आत्याची नथ.

मी वळले. बोटांना लागलेला खडू मोरपिशी पातळालाच पुसला, एवढाच त्या पातळाचा उपयोग झाला. परीक्षकांनी चिमूटभर तपकीर ओढली, रुमालानं नाक पुसलं आणि म्हणाले, "बाई, उपयोजन राहिलं आहे. चालू द्या."

मी चालू केलं.

मी पास झाले. पण मला सांगायचं आहे ते परतीच्या वाटेबद्दल. आत्या गाडीत बसून पुढे निघून गेली होती. मी आणि नाना पायी. तुळिंजच्या टेकडीवर ऊन उतरत होतं. नानांनी माझ्या हातातून खोका घेतला. विझलेल्या उदबत्तीचा वास त्यातून येत राहिला.

"पानवेलीत बूट जाऊ दिलेत," मी म्हटलं.

"मुलीच्या बापाला तोंड नसतं गं."

"साहेबासमोर होतं. फौजदारासमोर आईलासुद्धा होतं."

नानांनी खोका या हातातून त्या हातात घेतला.

"मला विचारायचं होतंत."

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

"मग?"

"मग काय..." ते थांबले. "मग काय करायचं, ते मला माहीत नव्हतं. त्या लोकांना मुलगी शिकलेली हवी, पण शिकवणारी नको. मला वाटलं, एकदा तुला वर्गात उभी पाहतील, तर त्यांनाच वाटेल, हिला शिकवू द्यावं."

हे ऐकून मला रडू यायला हवं होतं. मला संशय आला. हे आत्ता सुचलं, की आधी होतं?

चार दिवसांनी नाना धुतलेलं धोतर नेसून कुठेतरी जाऊन आले. आल्यावर आईला म्हणाले, "सांगून आलो. आमच्याकडून नाही." त्याच आठवड्यात आत्या येऊन ओटीवर कपाळ बडवून गेली. "त्यांनीच नाही म्हटलं. असली तोफ कोण घरात घेणार?" म्हणजे कुणी कुणाला नाही म्हटलं? नानांनी माझी बाजू घेतली, की नकार गिळून बाजू घेतल्याचं दाखवलं? सुकेळी आम्ही घरीच खाल्ली. शालूनं सगळ्यांत जास्त. गोड होती. प्रत्येक घासाबरोबर मी नानांचा चेहरा वाचत होते. पत्रकं मला वाचता येत. तो चेहरा वाचता आला नाही.

मला नोकरी लागली. दूरच्या गावी, दुसऱ्याच खाडीच्या काठी. मी सुटीला येई. नाना स्टेशनवर घ्यायला येत. आम्ही पाऊसपाण्याचं बोलत असू. तो विषय मात्र दोघांनीही चुकवला. कितीतरी वर्षं माझ्या मनात वडिलांच्या जागी एक चिंच होती आणि तिच्याखाली पाठमोरा उभा माणूस.

आणि आता हा शिमगा. इंजिन बघून मी ओटीवर आले तर आत्या आलेली. केस पिकलेत, नथ तीच, आवाज तोच. ती नानांच्या कानाला लागून बोलत होती. मी आल्याबरोबर गप्प झाली. माझे कान उभे राहिले. आत शालू मॅट्रिकचा अभ्यास करत बसली होती. मोर काढणारी शालू, आता माझ्यापेक्षा वीतभर उंच.

"आगाशीचं स्थळ आहे," आत्या शेवटी म्हणाली. "मोठं घर. शालूला कळू न देता रविवारी माझ्याकडे पाठव. पापड लाटायला म्हणून. ते लोक सहज आल्यासारखे येतील."

नानांनी अडकित्ता खाली ठेवला. "शालू!" त्यांनी हाक मारली. मोठ्यानं, पूर्वी विहिरीकडे मारत तशी. "बाहेर ये गं."

शालू बाहेर आली, बोटांना शाई.

"आत्या एक स्थळ म्हणते आहे. त्या लोकांना तुला बघायचं आहे. येऊ देत का?"

"अरे, तिला काय विचारतोस?" आत्या ओरडली.

"मग कुणाला विचारू? तुला बघायचं आहे का त्यांना?"

शालू हसली. मग हसू आवरून म्हणाली, "परीक्षा होऊ दे नाना. नंतरसुद्धा आधी मी त्यांच्याशी बोलेन. मग यायचं की नाही ते ठरवू."

"ऐकलंस?" नाना आत्याला म्हणाले. "हेच सांग त्यांना. यातला शब्द बदलू नकोस. नाहीतर मी स्वतः जाऊन सांगेन. मला त्याची सवय आहे."

मला त्याची सवय आहे. म्हणजे तेव्हा धुतलेलं धोतर नेसून ते खरंच सांगून आले होते? हे वाक्य म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी मात्र त्यांच्याकडे पाहत राहिले, सवयीनं, काही लपवलं आहे का ते शोधत. कपाळ, डोळे, ओठांचे कोपरे. काही सापडलं नाही. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. त्यांनी विडा लावून माझ्या हातात ठेवला.

आता तुमच्याकडे एक मागणं. तुमच्याही घरात या घडीला एखाद्या मुलीबद्दल हळू आवाजात बोलणं चाललं असेल. ती आली की विषय बदलत असेल. हे पान खाली ठेवा आणि आजच, जेवणं व्हायच्या आत, तिला सगळ्यांसमोर हाक मारा. काय चाललं आहे ते तिला पूर्ण सांगा. तिला काय हवं ते विचारा. ती बोलेपर्यंत कुणालाही मध्ये बोलू देऊ नका. आणि ती जे सांगेल, ते ज्यांना कळवायचं त्यांना स्वतःच्या पायांनी जाऊन, तिच्याच शब्दांत कळवा.